सुट्टी संपायच्या आधीचे चार दिवस

प्रश्न : ताई, माझे मिस्टर सोळा वर्षं सैन्यात आहेत. आधी कधीतरी दारू घ्यायचे. मागच्या तैनातीत त्यांचा जवळचा मित्र त्यांच्या डोळ्यांसमोर गेला, तेव्हापासून रोज लागते. सुट्टीवर आले की सकाळी दाढी करताना हात थरथरतात, दोन घोट पोटात गेले की थांबतात. परत हजर व्हायच्या आधी चार दिवस मात्र एकदम बंद करतात. मागच्या वेळी तिसऱ्या रात्री घामाघूम होऊन 'भिंतीवर माणसं दिसतायत' म्हणत होते. सासूबाई म्हणतात, जेवणातून नकळत द्यायचं औषध मिळतं, ते देऊन बघ. मी त्यांच्या साहेबांना कळवू का? नोकरी जाईल का?

उत्तर : तुझ्या पत्रातली तिसऱ्या रात्रीची ओळ मी दोनदा वाचली. लष्करी रुग्णालयात मी एकवीस वर्षं परिचारिका होते, त्यातली नऊ मानसोपचार वॉर्डात. भिंतीवरची माणसं, अंगावर चढणाऱ्या मुंग्या, खिडकीबाहेरची गस्त हे सगळं मी रात्रपाळीत ऐकलंय. तुझ्या मिस्टरांच्या दारूइतकीच मला त्या चार दिवसांची भीती वाटते.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडून जागं राहायला शिकलेला असतो. दारू अचानक काढून घेतली की गुंगी जाते, पण मेंदूची ती झगडण्याची सवय तशीच चालू राहते. सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत भास, ताप, बेभान अवस्था येते, तिला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास माणूस त्यात दगावतो. एकदा निभावलं म्हणून पुढच्या वेळी निभावेलच असं नाही, उलट दर वेळी त्रास वाढण्याचा धोका असतो.

म्हणून या वेळी दारू थांबवायची ती दवाखान्यात आणि सुट्टीच्या सुरुवातीला. डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन काही दिवसांत ते हळूहळू कमी करतात. सोबत थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. ते ग्लुकोजच्या आधी मिळायला हवं. एका ठिकाणी नुसतं ग्लुकोज चढवून आमच्याकडे पाठवलेला एक जवान आठवतो. डोळे एका जागी स्थिर राहत नव्हते, पावलं लडखडत होती, आणि नवी गोष्ट लक्षात ठेवणं त्याला पुढे कधीच नीट जमलं नाही. तेव्हा डॉक्टरांसमोर लाजून 'थोडी घेतात' म्हणू नकोस. किती, किती वाजता, शेवटची कधी, मागच्या वेळी काय दिसलं, सगळं सांग.

नकळत द्यायचं औषध अजिबात नको. त्या पुड्यांत बहुधा डायसल्फिराम असतं, किंवा काय असतं हे कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. माणसाला पूर्ण कल्पना देऊन, यकृत-हृदय तपासून, त्याच्या होकारानेच ते देतात. तलफ कमी करणारं नालट्रेक्सोनही आहे, त्याबद्दल विचार.

आता साहेबांचं. मिस्टरांच्या पाठीमागे पत्र लिहू नकोस. आधी त्यांच्याशी बोल, सकाळी, ते शुद्धीत असताना. त्यांना स्वतःहून युनिटच्या डॉक्टरांकडे जाऊ दे. खोटं आश्वासन देत नाही : कॅटेगरी लागेल, म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली येईल, बढती लांबेल. पण आपल्या पायांनी आलेला आणि ड्युटीवर पकडलेला, या दोघांकडे पाहण्यात फार फरक असतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. या भीतीपायीच जवान लपवतात हे ओळखून अमेरिकी लष्कराने २००९ मध्ये काही तळांवर वरिष्ठांना न कळवता दारूवर उपचार घेण्याची सोय प्रायोगिक म्हणून सुरू केली होती. मात्र मरणाची किंवा कुणाला मारण्याची भाषा तोंडी आली, तर क्षणभर थांबू नकोस. शस्त्र दूर करायला लाव आणि वरिष्ठांना तेव्हाच सांग.

आणि तो मित्र. त्याच्या जाण्याच्या धक्क्यावर दारू ही तुझ्या मिस्टरांची झोपेची गोळी झालीय. 'आधी दारू सोडा, मग धक्क्याचं बघू' असं कुणी म्हटलं तर दुसरा डॉक्टर शोध. दोन्हींवर एकत्रच उपचार व्हायला हवेत.

प्रश्न : मी सेक्शन कमांडर आहे. लघवीच्या तपासण्या वाढवल्या तर व्यसन आटोक्यात येईल का? शिवाय एक पोरगा गुडघ्याची जखम बरी होऊनही ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी खातोय. सक्तीने बंद करू?

उत्तर : अमली पदार्थांपुरतं, हो. अमेरिकी सैन्याच्या १९८० च्या पाहणीत २७.६ टक्के जणांनी मागच्या महिनाभरात अमली पदार्थ घेतल्याचं सांगितलं होतं. कडक तपासण्यांनंतर २००२ मध्ये हे प्रमाण ३.४ वर आलं. पण अति दारू पिणारे? २०.८ वरून १८.१. दारू तपासणीत गुन्हा ठरत नाही, आणि ती आपणच वाटतो. ब्रिटिश नौदलाने रोजची रम बंद केली ती थेट ३१ जुलै १९७० ला. म्हणून तुमच्या हातात आहे ते करा. प्रत्येक शाबासकी बाटलीनेच द्यायची नाही. न पिणाऱ्याची थट्टा तुमच्यासमोर होऊ द्यायची नाही. तैनातीवरून परतल्यावरच्या पहिल्या महिन्यांत कोण झोपत नाही, याकडे लक्ष ठेवा.

त्या पोराच्या गोळ्या हिसकावू नका. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं आहे. एकदम तोडलं तर अंगदुखी, जुलाब, तगमग सुरू होते आणि तो दुसरीकडून मिळवतो. डॉक्टर मात्रा उतरवतील. दारूबरोबर ते कधीच नको, श्वास मंदावतो. आणि काही आठवडे सोडून पुन्हा जुन्या मात्रेने घेतलं तर तेवढ्यानेही श्वास थांबू शकतो. अशा वेळी लागणारं उताऱ्याचं औषध, नालोक्सोन, दवाखान्यात आहे का, एवढं विचारून ठेवा.

तो वाया गेला असं समजू नका. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने अभ्यास केला. जवळजवळ पाचातला एक जण तिथे हेरॉइनसारख्या नशेच्या आहारी गेला होता. त्यांतले घरी आल्यावर वर्षभरात पुन्हा अडकले ते सुमारे ५ टक्के. जागा बदलली, सोबत बदलली, तपासून उपचार झाले. पोराची जागा तुम्हाला बदलता येणार नाही, पण त्याची सोबत तुमच्याच सेक्शनमध्ये आहे.

उद्या परेड झाली की त्याला बाजूला घ्या. गुडघा आता किती दुखतो, हे आधी विचारा. मग डॉक्टरकडे त्याला एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत चला.