धुक्यातला घाट, शेकरू आणि जळवा

प्रश्न : सप्टेंबरात वयस्कर आईला घेऊन स्वतःच्या गाडीनं महाबळेश्वरला जायचं आहे. घाटात धुकं लागलं तर? शेकरू दिसेल का? जळवांचीही धास्ती वाटते. – एक वाचक, तासगाव

उत्तर : साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे जा, दिवसाउजेडीच. धुक्यात अप्पर लावू नका. तो उजेड पाण्याच्या कणांवर आपटून परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंतच उभी राहते. डिपर, दुसरा गिअर आणि नजर डाव्या कडेवर. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळणं कळत नाहीत. काच आतून धुरकटली तर एसी लावून झोत काचेवर सोडा; फडक्यानं पुसलेली काच मिनिटाभरात पुन्हा धुरकटते.

शेकरूसाठी उजाडल्यावर दोन तासांत निघा आणि शेंड्यांकडे बघा. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. बेचक्यात काटक्या-पानांचा गोळा दिसला की ते घरटं. तिथं गप्प उभं राहा. आधी हलते ती फांदी, मग दिसते लांब झुपकेदार शेपटी आणि तांबूस पाठ. खायला मात्र काहीही टाकू नका. रस्त्यात गवा दिसला तर गाडीतच थांबा, हॉर्न नको.

जळवा ओल्या पाचोळ्यात असतात. पँट मोज्यात खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा आणि साबणानं धुवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते बराच वेळ झिरपतं. कापूस दाबून धरा. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यांना पाचोळ्यात नेऊच नका, डांबरी रस्त्यावरूनही जंगल छान दिसतं.