क्युम्युलस फुलते, पण शेळीच्या अंडपेशीचे फलन होत नाही

उदगीरहून आपण विचारले आहे की, खाटीकखान्यातून आणलेल्या उस्मानाबादी शेळ्यांच्या अंडपेशींभोवतीचे क्युम्युलस, म्हणजे साहाय्यक पेशींचे आवरण, प्रयोगशाळेतील माध्यमात 24 तासांत छान फुलते, पण पुढे शुक्राणू मिसळल्यावर फलन जेमतेम होते. तेव्हा माध्यमातील एफएसएच (अंडपेशी पिकवण्यासाठी घातलेले संप्रेरक) वाढवावे का? माझ्या मते वाढवू नये. क्युम्युलस फुलले म्हणजे त्या पेशींनी संप्रेरकाला दाद दिली, एवढेच कळते. केंद्रक दुसऱ्या मेटाफेजपर्यंत, म्हणजे फलनास तयार होण्याच्या टप्प्यापर्यंत, पोचले का, हे पहिले ध्रुवपिंड (विभाजनात अंडपेशीने बाहेर टाकलेली छोटी पेशी) पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पेशीद्रव्य पिकले की नाही हे तर तेवढ्यानेही कळत नाही.

म्हणून प्रत्येक तुकडीतील दहा-पंधरा अंडपेशी शुक्राणू मिसळण्यापूर्वी क्युम्युलस काढून तपासाव्यात आणि तितक्याच, मिसळल्यानंतर सुमारे 18 तासांनी, रंगवून पाहाव्यात. ध्रुवपिंडच नसेल तर दोष परिपक्वनाचा, म्हणजे अंडपेशी पिकण्याचा, आहे, आणि तेथे गायीचा 24 तासांचा हिशेब शेळीला न लावता 27 तास देऊन पाहावे. ध्रुवपिंड आहे, पण आत शुक्राणू शिरलेलाच नाही, तर वीर्याकडे वळावे. शुक्राणू शिरला, पण त्याचे डोके तसेच घट्ट राहिले, तर अंडपेशीत ग्लुटाथायोन (शुक्राणूचे डोके सैल होण्यास लागणारे द्रव्य) कमी पडत असण्याची शक्यता मोठी. परिपक्वनाच्या माध्यमात ग्लुटाथायोन वाढवणारे सिस्टिअमीन 100 मायक्रोमोलर घातल्याने तेथे फरक पडतो. दोनहून अधिक प्राक्केंद्रके (फलनानंतर अंडपेशीत दिसणारी नर-मादीची केंद्रके) दिसली, तर एकाहून अधिक शुक्राणू शिरले असावेत, म्हणून शुक्राणूंची संख्या कमी करावी. मिलिलिटरला 10 ते 20 लाख पुरेत.

वीर्याबाबत एक गोष्ट बैलाच्या सवयीने काम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. बोकडाच्या वीर्यद्रवातील विकर अंड्याच्या बलकातील लेसिथिनचे विघटन करते आणि त्यातून शुक्राणूंना घातक द्रव्ये तयार होतात. म्हणून वीर्य पातळ करून साठवण्यासाठी बलकयुक्त द्रावण वापरायचे असेल तर वीर्यद्रव आधी धुऊन काढावा. शुक्राणूंना फलनक्षम करणारे हेपारिन त्यानंतरचे.

मात्र मला खरा संशय अंडाशयांवरच येतो. कापलेल्या जनावरांत वयात न आलेल्या पाठी (तरुण माद्या) किती होत्या, याची नोंद आपण दिलेली नाही. अंडाशयावर पीतपिंड (अंडपेशी सुटून गेल्यावर तेथे उरणारी पिवळसर गाठ) दिसत नसेल तर ते अंडाशय वेगळे ठेवावे, कारण ते वयात न आलेल्या पाठीचे असू शकते, आणि अशा पाठींच्या अंडपेशी ध्रुवपिंड दाखवतात, पण पुढे भ्रूण फार कमी धरतात. तीन मिलिमीटरहून लहान पुटिकांतील (अंडाशयातील अंडपेशी धरणाऱ्या पिशव्यांतील) अंडपेशींचेही तसेच. ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हा रंग वापरून निळ्या राहिलेल्याच अंडपेशी घेतल्या, तर यातील बराच कचरा आधीच गळतो. अंडाशयांच्या वाहतुकीचे म्हणाल, तर वैशाखात गाडीच्या डिकीत ठेवलेला थर्मास नेमका किती अंशांवर जातो, हे एकदा तापमापक आत टाकून पाहावेच.

पुढील तुकडीत ध्रुवपिंडाचे प्रमाण किती आले आणि पीतपिंड असलेली अंडाशये किती होती, ते कळवावे. त्यावरून वीर्य आधी तपासायचे की अंडाशयांची निवड, हे ठरवता येईल.