सूचनापेटी रिकामी का राहते?

संस्थेत नवे काही घडवून आणू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ माझ्या मते तिथेच आहे.

प्रश्न : सुमारे अडीचशे कर्मचारी असलेल्या आमच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी सूचना योजना सुरू केली आणि उत्कृष्ट सूचनेला रोख बक्षीस ठेवले. पहिल्या तीन महिन्यांत सत्तर सूचना आल्या. गेल्या सहा महिन्यांत फक्त दोन. आमच्या लोकांना नव्याची आवड नाही, असे समजावे का? बक्षिसाची रक्कम वाढवावी का?

उत्तर : रक्कम वाढवण्याआधी त्या सत्तर सूचनांची फाइल काढावी आणि प्रत्येक सूचनेपुढे दोन गोष्टी लिहाव्यात : सूचना देणाऱ्याला किती दिवसांनी उत्तर मिळाले, आणि ते कोणी दिले. माझा अंदाज असा की, बऱ्याच ओळींपुढे लिहिण्यासारखे काही सापडणार नाही. तसे असेल तर आवड कमी असल्याचा दोष कामगारांवर टाकता येणार नाही. त्यांनी सत्तर वेळा विचारले आणि संस्था गप्प राहिली.

हे मी अनुभवाने लिहितो. काही वर्षांपूर्वी सल्ल्यासाठी एका कारखान्यात गेलो असताना तेथील सूचनापेटी माझ्यासमोर उघडण्यात आली. किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला. आत घडी घातलेले अकरा कागद होते. त्यांतल्या एकावर पेन्सिलीने खोक्याची आकृती काढलेली होती आणि खाली लिहिले होते की, झाकणाची घडी उलट बाजूने घातली तर दोनऐवजी एकच चिकटपट्टी पुरते. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. तो लिहिणारा कामगार अजूनही त्याच टेबलापाशी उभा राहून प्रत्येक खोक्याला दोन पट्ट्या लावत होता. कागद दाखवल्यावर त्याला तो आधी आठवलाच नाही, आठवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "नको असेल त्यांना." त्यानंतर त्याने पेटीत दुसरा कागद टाकलेला नव्हता.

व्यवस्थापनाने त्याला नकार दिलाच नव्हता. पण उत्तर न येणे हाच खालच्या माणसाला नकार वाटतो, आणि कारण सांगून दिलेल्या नकारापेक्षा तो अधिक खोल लागतो. "तुमची सूचना तपासली, अमुक कारणाने जमत नाही," असे ऐकलेला माणूस पुन्हा सूचना देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सूचना योजना ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कारखान्यात १८८० मध्येच कामगारांच्या सुधारणांना बक्षिसे देण्याची पद्धत सुरू झाली होती. टोयोटाचे अधिकारी अमेरिकेत फोर्डचे कारखाने पाहून आले आणि त्यांनी १९५१ मध्ये आपल्याकडे अशीच योजना सुरू केली. ती दशकानुदशके टिकली याचे श्रेय मी बक्षिसांना देत नाही, कारण तेथील बहुतेक बक्षिसे किरकोळ असतात. तेथे सूचना पहिल्यांदा ऐकतो तो त्या कामगाराचा रोजचा पर्यवेक्षक, आणि सूचना नीट लिहून काढायला मदत करणे हा त्याच्या कामाचाच भाग मानला जातो. काम ज्याच्या डोळ्यांसमोर चालते त्याच्याकडूनच उत्तर येते, म्हणून ते लवकर येते.

म्हणून माझा सल्ला असा : कुलूप लावलेली पेटी काढून टाकावी. प्रत्येक पर्यवेक्षकाने सात दिवसांच्या आत "करू", "करून पाहू" किंवा "या कारणाने नाही" यांपैकी एक उत्तर तोंडी द्यावे आणि ते विभागातील फलकावर लिहावे. त्याचबरोबर त्याला वरच्या सहीवाचून खर्च करता येईल अशी एक छोटी रक्कम दरमहा द्यावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते. पाचशे रुपयांची पट्टी बदलून पाहण्यासाठी तीन सह्या लागत असतील, तर पर्यवेक्षक शहाणपणाने "नाही" म्हणायला शिकतो आणि त्यात त्याची चूकही नसते.

आणखी एका अडचणीकडे लक्ष वेधतो, कारण तिच्याविषयी कोणी बोलत नाही. सुधारणा सुचवणे म्हणजे सध्याच्या पद्धतीत खोट आहे असे म्हणणे, आणि ती पद्धत कोणीतरी बसवलेली असते. बहुधा सूचना देणाऱ्याच्या साहेबानेच. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला तेव्हा, चांगले नेतृत्व आणि आपसांत चांगले संबंध असलेल्या पथकांत चुकांची नोंद जास्त आढळली. तेथे चुका अधिक होत होत्या म्हणून तसे दिसले नव्हते. त्या पथकांत चूक बोलून दाखवण्याची भीती कमी होती. आपल्याकडे दोनच सूचना आल्या याचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावे. आपण स्वतः बसवलेल्या एखाद्या पद्धतीतली चूक आपण सर्वांसमोर सांगितली आणि ती सुधारण्यासाठी मदत मागितली, तर मोठ्या बक्षिसापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. मोठ्या बक्षिसाचा एक तोटाही आहे. चांगली सूचना तीन-चार जणांच्या बोलण्यातून घडते. रक्कम मोठी झाली की जो तो आपला अर्धा विचार खिशात ठेवतो.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीची संचालक आहे. नव्या उत्पादनासाठी स्वतंत्र पथक वेगळ्या इमारतीत बसवावे, असे माझे सहकारी म्हणतात. ते पथक कंपनीपासून तुटेल अशी मला भीती वाटते. कोणाचे बरोबर?

उत्तर : दोघांचेही. वेगळे बसवण्याच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उदाहरण लॉकहीड कंपनीचे आहे. १९४३ मध्ये केली जॉन्सन यांच्या छोट्या पथकाने एक्सपी-८० हे जेट लढाऊ विमान १४३ दिवसांत उभे केले. पण ते घेण्यासाठी अमेरिकी लष्कराचे हवाई दल वाट पाहत होते, हे सांगायचे राहून जाते. काम संपल्यावर ते कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न त्या पथकापुढे नव्हता.

आपली भीती खरी ठरल्याचे उदाहरण झेरॉक्सचे आहे. कंपनीने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र काढले. मुख्यालय देशाच्या दुसऱ्या टोकाला होते. १९७३ मध्ये त्या केंद्राने आल्टो हा संगणक तयार केला. त्यात माऊस होता, पडद्यावर चित्ररूप मांडणी होती, आणि संगणक एकमेकांना जोडण्यासाठी इथरनेटही त्याच केंद्रात जन्माला आले. तरीही वैयक्तिक संगणकाचा मोठा व्यवसाय उभा केला तो इतरांनी. मात्र त्याच केंद्रात आकाराला आलेल्या लेसर प्रिंटरने झेरॉक्सला भरपूर कमाई करून दिली. हा फरक का पडला, यावर मी बराच विचार केला आहे. प्रिंटर हा छायाप्रतीच्या यंत्राच्या जवळचा होता. तो कोणाला विकायचा आणि त्याची देखभाल कशी करायची, हे कंपनीच्या माणसांना कळत होते. संगणकाला आपला म्हणणारा विभागच कंपनीत नव्हता.

म्हणून पथक वेगळे जरूर बसवा, पण इमारत शोधण्याआधी हे उत्पादन पुढे कोणता विभाग ताब्यात घेणार हे लिहून काढा, आणि त्या विभागातील एक चांगला माणूस पहिल्या दिवसापासून पथकात बसवा. विभागप्रमुख जो माणूस सहज सोडायला तयार होतील, तो बहुधा योग्य नसतो. जाताना ज्याची उणीव भासेल, असाच मागा.

आणखी एक प्रश्न संचालक मंडळात उघडपणे विचारावा : हे यशस्वी झाले तर आपल्यापैकी कोणाचे उत्पन्न घटेल? कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार केला. तो सुमारे साडेतीन किलोंचा होता आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. नमुना घरातच होता, पण कंपनीचे उत्पन्न फिल्मवर उभे होते. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ज्या विभागाच्या कमाईला धक्का बसणार, त्याच विभागाच्या प्रमुखाकडे प्रयोगाचे अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार ठेवू नये. त्या जागी बसलेला कितीही सरळ माणूस असला तरी आपण त्याच्यावर अन्याय करत असतो.

प्रश्न : आमचा एक प्रयोग दीड वर्ष रेंगाळला आहे. तो कधी थांबवावा, हे कसे ठरवायचे?

उत्तर : सुरुवातीलाच हे ठरवलेले नसेल, तर आज ठरवावे. कोणत्या तारखेपर्यंत काय दिसले पाहिजे, आणि ते न दिसल्यास नेमके कोणते गृहीतक खोटे ठरले असे मानायचे, हे एका पानावर लिहावे. गृहीतकाचा उल्लेख मुद्दाम करतो. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये सहज सुटणारा, कमी पकडीचा गोंद सापडला. त्याचा उपयोग आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये सुचला, कारण चर्चमध्ये गाताना त्यांच्या गीतपुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडत असत. १९७७ मध्ये चार शहरांत त्या चिकटचिठ्ठ्या विक्रीला ठेवल्या, तेव्हा प्रतिसाद थंड होता. पुढच्या वर्षी बॉईसी शहरातल्या कार्यालयांत त्या फुकट वाटल्या, आणि वापरून पाहिलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक विकत घ्यायला तयार झाले. १९८० मध्ये त्या अमेरिकाभर विक्रीस आल्या. लोकांना वस्तू नको आहे असे पहिल्या चाचणीने सांगितलेच नव्हते. हातात घेतल्याशिवाय तिचा उपयोग कळत नाही, एवढेच तिने सांगितले होते.

तरीही या गोष्टीचा आधार घेऊन प्रत्येक प्रयोग लांबवू नये, कारण थांबवलेल्या प्रयोगांच्या गोष्टी कोणी सांगत नाही आणि त्यांतले बहुतेक योग्य कारणानेच थांबलेले असतात. दीड वर्षात आपल्या पथकाने एकही गृहीतक बदललेले नसेल, तर थांबवा. ज्या बैठकीत हा निर्णय घ्याल, तिच्यात पथकातील प्रत्येकाचे पुढचे काम आधी जाहीर करा आणि मगच प्रयोगाचे आकडे मागा. आपले काय होणार हे माहीत नसलेला माणूस आकडे झाकून ठेवतो, आणि मग बैठकीत कोणालाच खरे काय ते कळत नाही.