आई वाचली ना, आता हे ऐक

भावा, तुझी आई लकव्याच्या झटक्यातून (स्ट्रोक) वाचली हे ऐकून खरंच जीव भांड्यात पडला. आमचे बाबा ३ वर्षांपूर्वी मालवणात सकाळी चहा पिताना एका बाजूला कलंडले, तोंड वाकडं, बोलणं बोबडं, शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी लगेच गाडी काढली म्हणून सीटी स्कॅन होऊन मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळालं. देवाला गाऱ्हाणं घाल, नारळ ठेव, पण ज्याने धावपळ केली त्याच्या घरीही जाऊन ये, आमच्याकडून ते ६ महिने राहून गेलं आणि ते मला अजून लागतं.

गिळायला जमतंय का हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पेज काय पाणीसुद्धा देऊ नको, ठसका लागून छातीत जातं. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. फिजिओ रोज. आई मधेच उगाच रडेल, ते आजारामुळेही होतं, हात धरून नुसता बस.

बाबांनी सव्वा महिन्याने उजव्या हाताने सोलकढीची वाटी उचलली, अर्धी लुंगीवर सांडली आणि आम्ही पुसायचं सोडून बघतच राहिलो. आईला परत तोंड वाकडं, बोलणं बोबडं असं काही दिसलं तर लगेच १०८, आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेव.