शिक्षकांसाठी विद्यापीठातले संशोधन : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानावर विद्यापीठे शाळेतल्या शिक्षकांना उन्हाळ्यात, साधारण सहा आठवडे, संशोधनात सामावून घेतात. या कार्यक्रमाला 'आरईटी' (रिसर्च एक्सपिरियन्सेस फॉर टीचर्स) म्हणतात. तिथल्या मराठी शिक्षकांचे तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ही उत्तरे.

अर्ज फाउंडेशनकडे करायचा का?
नाही. अनुदान मिळालेल्या विद्यापीठाकडे थेट. अनुदानाला मुदत असते, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. त्या विद्यापीठातले आरईटी केंद्र यंदा चालू आहे ना, हे तिथल्या समन्वयकांना विचारा.

पीएचडी लागते असे ऐकले.
लागत नाही. कुणाच्या सांगण्यावरून अर्ज सोडून देऊ नका. इयत्ता आणि विषयाची अट केंद्रागणिक बदलते, ती स्वतः वाचा.

एक संस्था शुल्क घेऊन प्रवेशाची हमी देते.
एक पैसाही देऊ नका. इथे मानधन शिक्षकाला मिळते. विद्यापीठाचे श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर त्याचे शुल्क वेगळे पडू शकते. ते लेखी विचारून घ्या. मानधनावरच्या कराबद्दल करसल्लागाराशी बोला.

मुख्याध्यापकांचे पत्र शेवटच्या आठवड्यात मागितले तर?
अर्ज उघडाल त्याच दिवशी मागा.

संशोधनावरून तयार करायचा वर्गातला पाठ परतल्यावर ऑगस्टमध्ये लिहिला तर चालेल?
नाही चालणार. चांगला उन्हाळा वाया जातो तो इथेच. शिक्षक यंत्रांच्या फोटोंच्या स्लाइड घेऊन परततो, मुले कौतुकाने बघतात आणि विषय तिथेच संपतो. पाठात मुलांनी स्वतः काही बदलायला हवे, मोजायला हवे.

समजा, तुमचा गट पाणी गाळणाऱ्या पटलांवर (मेम्ब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचे पातळ पडदे) काम करतो. पटल वर्गात आणता येणार नाही, पण त्यातला पेच आणता येतो : थर जाड केला की पाणी स्वच्छ होते, पण प्रवाह मंदावतो. तळ कापून उलट्या धरलेल्या बाटल्या, तोंडाला कापड, वाळूचे थर 5, 10 आणि 15 सेंटिमीटर. प्रत्येकीत तेच गढूळ पाणी 500 मिलिलिटर, तीन-तीन फेऱ्या. वेळ घड्याळावर मोजा. गढूळपणासाठी उंच पारदर्शक नळीच्या तळाशी फुली काढा, वरून बघत ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओता आणि उंची नोंदवा.

आता बिघडते कुठे? वाळू धुतलेली नसेल तर गाळलेले पाणी आणखीच गढूळ निघते. कोरड्या वाळूत हवा अडकते, म्हणून पहिल्या फेरीचा वेळ भरवशाचा नसतो; वाळू आधी भिजवून घ्या. थर नीट दाबला नाही तर पाणी बाटलीच्या कडेने वाट काढते. हे तिसऱ्या आठवड्यात कळले तर विचारायला संशोधक विद्यार्थी शेजारीच असतो. ऑगस्टमध्ये तुम्ही एकटे असता. म्हणून पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना विचारा : तुमच्या कामातले काय मुलांना एका तासिकेत मोजता येईल? त्याआधी 'टीचइंजिनिअरिंग' या मोफत संग्रहातले आरईटी शिक्षकांचे तीन-चार पाठ वाचून जा.

प्रयोगशाळेतले थोडे रसायन शाळेत नेले तर?
एक थेंबही नाही. पर्यायी पदार्थ विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि तुमच्या शाळेला, दोघांनाही विचारूनच ठरवा.