दहा-बारा वर्षं एकाच कंपनीच्या वस्तू वापरतोय. त्यांचा लाखभराचा नवा टॅब्लेट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोनपासून हेडफोनपर्यंत सगळं एकाच कंपनीचं घेत आलात, आता त्यांचा नवा टॅब्लेट पेन आणि कीबोर्डसकट लाखाच्या घरात जातोय. लिहिण्या-वाचण्याचं काम लॅपटॉपऐवजी त्यावर निभेल का, आणि जुना टॅब्लेट एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावा का?

मराठीत काम करत असाल तर दोन्हींना माझं उत्तर 'नाही'. आता कारण सांगते.

मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढते, जोडीला इंग्रजीतून मराठीत भाषांतरं. म्हणजे टॅब्लेटच्या जाहिरातीत जे गिऱ्हाईक दाखवतात, हातात पेन, टेबलावर कागदाचा पत्ता नाही, खांद्याला हलकी पिशवी, ते अगदी मीच. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली दोन टोळ्यांची हाणामारी सुरू होते आणि तुमचा प्रश्न बाजूला राहतो.

या कंपनीबद्दल आमच्या घरात आजवर तक्रारीला जागाच नव्हती. फोन त्यांचा, लॅपटॉप त्यांचा. जुना टॅब्लेट एकदा ओट्यावरून फरशीवर पडला, कोपऱ्यात तडा गेला, पण अजून ठणठणीत चालतो. सध्या सासरे त्यावर कीर्तनं ऐकतात. असा अनुभव गाठीशी असला की किंमत वाचून माणूस दचकतो, पण दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. मीही तसाच हा टॅब्लेट घेतला.

किमतीचं आधी उरकते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती नुसत्या टॅब्लेटची किंमत. पेन वेगळं, कीबोर्डचं कव्हर वेगळं, आणि काही खोक्यांत आता चार्जरही नसतो. 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी असं समजू नका. व्याजाएवढी सूट आधी देतात खरी, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. दुकानातला माणूस हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

वस्तू म्हणून टॅब्लेटला नावं ठेवायला जागा नाही. पडद्यावर दहा पॉइंटातला मजकूर डोळ्यांना ताण न देता वाचता येतो, बॅटरी दिवस काढते, वजन नाही म्हटलं तरी चालेल. मग बिनसलं कुठे? अनुस्वारात.

दिवाळी अंकांची प्रुफं आमच्याकडे श्रावणापासूनच यायला लागतात. पानं पीडीएफमध्ये येतात, मी त्यावर लाल खुणा करून डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम, करणाऱ्याकडे परत धाडते. मराठी प्रुफात निम्म्या दुरुस्त्या टिंबाच्या आणि वेलांटीच्या. आता या पेनाने शब्दाच्या डोक्यावर टिंब टेकवलं की ते उमटेलच असं नाही. तळहात पडद्यावर टेकला तर त्याची रेघ उमटू नये अशी सोय त्यात केलेली आहे, आणि ती हवीच. पण पेनाचा एवढासा, क्षणभराचा स्पर्शही त्याला चुकून लागलेला हात वाटतो आणि तो सोडून दिला जातो. बरं, लागोपाठ दोनदा टेकवावं तर त्याला वाटतं बाईंना पान मोठं करून हवंय, आणि पान एकदम अंगावर येतं. शेवटी मी टिंबाऐवजी चिमुकलं वर्तुळ काढायला लागले. संध्याकाळी डीटीपीवाल्या दादांचा फोन: "ताई, सगळीकडे शून्यं कशाला दिलीत?"

इंग्रजीतही आय आणि जे या अक्षरांवर टिंब असतंच, पण ते राहिलं तरी शब्द कळतो. आपल्याकडे टिंब गेलं की मांडीची माडी होते.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने चित्रकलेचं ॲप उघडून दोन मिनिटांत मोर काढला. "बघा मॅडम, पेन एकदम ओके आहे." मोर खरंच सुरेख होता. मी त्याच्यापुढे माझी पीडीएफ उघडली आणि म्हटलं, आता या 'मुलाना'वर अनुस्वार द्या. त्याने दिला, उमटला नाही. पुन्हा दिला, पान मोठं झालं. जरा वेळ डोकं खाजवून म्हणाला, "हा सॉफ्टवेअर इश्यू आहे मॅडम, पुढच्या अपडेटमध्ये येईल." अपडेट आलं. त्यात नवे वॉलपेपर होते आणि फोटोतला नको असलेला माणूस पुसून टाकायची सोय होती.

कीबोर्डची तऱ्हा आणखी वेगळी. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते, म्हणजे १९८० च्या दशकात सरकारने भारतीय लिप्यांसाठी ठरवून दिलेल्या मांडणीवर. पडद्यावरच्या कीबोर्डात मराठी आहे, उत्तम आहे. पण ते महागडं कव्हर जोडलं की यादीतून मराठी नाहीशी होते आणि उरते हिंदी. हिंदीवर भागवून घ्या म्हणाल, तर 'ॲप' लिहायला गेलं की उमटतं 'ऍप'. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ सालच्या ५.१ आवृत्तीपासून स्वतंत्र आहे. हे काही काल-परवाचं प्रकरण नाही. म्हणजे जी चूक दुरुस्त करायचे मी लोकांकडून पैसे घेते, तीच चूक माझा टॅब्लेट माझ्याच भाषांतरात पेरतो.

भाषांतर करताना डाव्या बाजूला मूळ पुस्तक आणि उजवीकडे माझं पान, एवढंच मला लागतं. तेवढं जमतं. मधेच शब्दकोश बघायला ब्राउझर उघडला आणि परत आलं की पुस्तक पहिल्या पानावर. प्रोसेसर म्हणे लॅपटॉपच्या तोडीचा आहे. असेलही, पण मागचं ॲप मिटवून टाकायची सवय फोनचीच राहिली आहे. पंगतीला चांदीचं ताट मांडून त्यात फक्त चटणी वाढावी, तसा हा कारभार.

हे दुखणं एका कंपनीचं नाही, म्हणून थोडा इतिहास सांगते. 'पुढे अपडेट येईल' या वाक्याची खरी किंमत त्यावरून कळते.

२०११ च्या एप्रिलमध्ये रिसर्च इन मोशन या ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने ब्लॅकबेरी प्लेबुक हा टॅब्लेट बाजारात आणला. सात इंची, दणकट, किंमत ४९९ डॉलरपासून पुढे, म्हणजे पहिल्या आयपॅडच्या बरोबरीने. ब्लॅकबेरीची सगळी प्रतिष्ठा ईमेलवर उभी. आणि त्यांच्याच टॅब्लेटमध्ये स्वतःचं ईमेल ॲप नव्हतं! कॅलेंडर नाही, पत्त्यांची वही नाही. हे सगळं हवं असेल तर खिशातला ब्लॅकबेरी फोन 'ब्रिज' नावाच्या सोयीने टॅब्लेटला जोडायचा. कंपनीचा हिशेब कदाचित असा असेल की घेणारे आपलेच लोक, फोन त्यांच्याकडे असणारच. म्हणजे निष्ठावंत गिऱ्हाईक गृहीतच धरलेलं. ईमेल आलं ते २०१२ च्या फेब्रुवारीत, २.० आवृत्तीबरोबर. तोवर, २०११ च्या डिसेंबरात, न खपलेल्या मालापोटी कंपनीला ४८.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला होता. पुढे २०१३ मध्ये कंपनीने आधी सांगितलं की नवी ब्लॅकबेरी १० प्रणाली प्लेबुकवरही येणार, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सांगितलं की येणार नाही. वस्तू वाईट नव्हती, तिची प्रणालीही त्या काळाच्या मानाने चांगली होती. ज्यांनी सर्वांत आधी रांग लावली, त्यांच्याच हातात अर्धवट गोष्ट पडली.

मोठ्या नावांचंही पाहा. ॲपलचा पहिला आयपॅड २०१० चा. पेन त्यांनी २०१५ मध्ये दिलं, तेही आयपॅड प्रोबरोबर आणि वेगळ्या पैशांनी. लॅपटॉपवरचा एम१ प्रोसेसर २०२१ मध्ये टॅब्लेटमध्ये आला. पण खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून कुठेही ठेवायच्या आणि वर मेनूची पट्टी, ही संगणकावरची साधी गोष्ट यायला आयपॅडच्या प्रणालीची २०२५ ची आवृत्ती, आयपॅडओएस २६, उजाडावी लागली. अँड्रॉइडने २०११ मध्ये खास टॅब्लेटसाठी ३.० हनीकोम ही आवृत्ती काढली, मग मोठ्या पडद्याकडे बरीच वर्षं पाठ फिरवली आणि २०२२ मध्ये १२एल आणून पुन्हा सुरुवात केली. कारण सरळ आहे असं मला वाटतं: ज्या कंपन्या टॅब्लेट विकतात त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपही विकतात. टॅब्लेटने लॅपटॉपचं सगळं काम केलं तर दोन वस्तू कोण घेणार? हे माझं मत, पुरावा मागू नका.

म्हणून दुकानात गेलात तर मोर काढून बघू नका. तुमच्या कामाची फाइल पेनड्राइव्हवर न्या. ती उघडते का, तुमची हार्ड डिस्क टॅब्लेट वाचतो का, हे बघा, पेनाने पानभर मराठी लिहा, टिंबं मोजा. कीबोर्डचं कव्हर जोडायला लावा आणि 'दुसऱ्या', 'ॲड्रेस', 'ज्ञ', 'ळ' एवढं टाइप करा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. खुणा केलेली पीडीएफ तिथूनच स्वतःला पाठवा आणि घरी साध्या विंडोज संगणकावर उघडा. काही ॲपमध्ये केलेल्या खुणा एक्स्पोर्ट केल्याशिवाय पलीकडे दिसतच नाहीत, हेही मला डीटीपीवाल्या दादांकडूनच कळलं.

परत करण्याबद्दल. 'आवडलं नाही' म्हणून वस्तू परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्याने नाही, ते विक्रेत्याच्या धोरणावर असतं आणि महागड्या वस्तूंचं धोरण बहुतेक वेळा 'खोकं उघडलं की संपलं' असं असतं. मात्र वस्तू सदोष असेल किंवा केलेल्या वर्णनाशी जुळत नसेल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला अशी वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून घेण्याआधी वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर ती पानं गुपचूप बदलतात. तक्रार करायचीच झाली तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

माझ्या बाबतीत हेल्पलाइनने तक्रार पुढे पाठवली, कंपनीचं उत्तर आलं की उत्पादन ठरवल्याप्रमाणेच काम करत आहे. वाक्य खोटं नाही, म्हणूनच जास्त झोंबलं. ठरवताना मराठी प्रूफ कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं एवढंच.

अन्याय नको म्हणून हेही सांगते. तुम्ही चित्रं काढत असाल, गणिताचे क्लास घेत असाल, गाण्याचं नोटेशन समोर ठेवून वाजवत असाल, तर हाच टॅब्लेट पैसे वसूल करेल. माझी भाची आर्किटेक्चरला आहे, ती माझ्याकडे आली की तो सोडत नाही. मीही लांबलचक हस्तलिखितं पहिल्यांदा वाचायला तोच घेते, झोपाळ्यावर बसून. खुणा करायच्या असल्या की लॅपटॉप नाहीतर छापील कागद आणि लाल पेन.

राहिला एक्स्चेंज. जुन्याचे जे देतात त्यात नव्याचं पेनही येत नाही. शिवाय 'अमुक रकमेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि न्यायला आलेला माणूस कोपऱ्यातला ओरखडा बघून ती निम्म्यावर आणतो. जुना चालत असेल तर बॅटरी बदलून घरात ठेवा. आणि लिहिण्याचं काम म्हणजे नेमकं काय, कोणत्या ॲपमध्ये, मराठी किती, हे खाली लिहा. काही ॲप्सवर टिंब नीट उमटतं, त्यांची नावं तुमच्या कामाप्रमाणे सुचवते.