लोकर आणि झुडपांची सफाई, दोन्ही कामं एकाच शेळीकडून होतील का?

तुम्ही विचारलंय की लोकर देणाऱ्या लहान चणीच्या शेळ्या कुठे शोधायच्या, आणि त्यांच्याकडून माजलेली झुडपंही साफ करून घेता येतील का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून आमच्या घरात पुष्कळ वाजलंय. दोन्ही कामं होतात, पण एकाच वेळी होत नाहीत. अंगावर लोकर वाढलेली असताना शेळी काटेरी झुडपात सोडलीत, तर त्या खेपेच्या लोकरीवर पाणी सोडा.

आमच्याकडे पायगोरा आहेत. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये कॅथरीन जॉर्गेन्सन यांनी बुटकी पिग्मी आणि लांब लोकरीची अंगोरा या शेळ्यांच्या संकरातून ही जात तयार केली. १९८७ साली तिची संघटनाही झाली. एकदा कातरणी अगदी तोंडावर आली असताना मी बाहेरगावी होते. थोरल्या दिरांनी कुंपण उघडलं आणि सगळा कळप मागच्या काटेरी रानात घातला. "फुकटचा पाला आहे, खाऊ देत की," असं त्यांचं म्हणणं. रान स्वच्छ झालं, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण मी परत आल्यावर एकीच्या खांद्यावरची बट हातात घेतली. वरून लहरी जशाच्या तशा, चमक तीच. आत बोटं घातली तर दर दोन बोटांवर गोखरूचा काटा, आणि प्रत्येक काट्याभोवती तंतू पिळून गच्च गाठ बसलेली. गाठ कापावी तर तंतू आखूड होतो आणि कातताना सुतात गोळे धरतो. न कापावी तर काटा मोडतो आणि त्याचे कण आत राहतात. दीर म्हणाले, "धुतलं की निघेल." धुऊन कुसळ निघत नाही. ज्यानं कधी लोकर विंचरली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मानेची आणि पाठीची लोकर, म्हणजे सगळ्यात चांगली, फेकावी लागली.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी कातरणी, मग झुडपं. वसंतात कातरलं की पाला कोवळा असतो, गोखरू-कुसळं अजून धरलेली नसतात आणि अंगावर खराब होण्यासारखं काही नसतं. मोहेरसारखी, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीसारखी लोकर महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढते. ती बोटाच्या पेराएवढी झाली की काटेरी भाग बंद.

पायगोरात लोकरीचे तीन प्रकार असतात. 'ए' मोहेरसारखी लांब, वर्षातून दोनदा कातरायची. 'सी' काश्मिरीसारखी आखूड आणि मऊ, ती वसंतात आपोआप सुटू लागते तेव्हा विंचरून काढता येते. 'बी' दोन्हींच्या मधली. झुडपं हेच मुख्य काम असेल तर डोळे झाकून 'सी' घ्या, कारण तिची मऊ लोकर उन्हाळा सरताना वाढायला लागते आणि त्याआधीचे महिने रानासाठी मोकळे मिळतात.

शोधायच्या कुठे? जातीच्या संघटनेकडे पाळणाऱ्यांची यादी असते. त्यातून स्वतः कातरणारा, स्वतः सूत कातणारा माणूस गाठा. गुरांच्या बाजारातून आणू नका. करडाची पहिली लोकर बघून भाळू नका, ती सगळ्यांचीच रेशमी असते. वय वाढलं की तंतू जाड होतो. म्हणून आईची आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या भावंडांची लोकर दाखवा म्हणावं. खांद्यावर, कुशीवर आणि मांडीवर, तिन्ही ठिकाणी हात लावून बघा. मांडीवर राठ केस असणारच, पण ते कुशीपर्यंत आले असतील तर सोडून द्या. जबड्याखाली किंवा खांद्यापुढे कातडीखाली गाठ दिसली तर मात्र ती संसर्गजन्य रोगाची असू शकते, म्हणून लोकर कितीही चांगली असो, तिथून निघा.

आणि घ्यायच्या असतील तर खच्ची बोकड घ्या. इथे दीर पुन्हा येतात. "दूध नाही, करडं नाही, मग पोसायचं कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच लिहिते. गाभण आणि दुभत्या शेळीचं खाल्लेलं करडाकडे आणि दुधाकडे जातं. लोकर बारीक होते, कधी तुटते. बोकड माजावर आला की स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, तो वास लोकरीतून सहजी जात नाही. खच्ची बोकडाला यातलं काही नाही. तो खातो, रान साफ करतो आणि वर्षानुवर्षं लोकर देत राहतो. आमच्या कळपातली सगळ्यात एकसारखी लोकर खच्चीचीच आहे. दुधाचीच हौस असेल तर नायजेरियन ड्वार्फ आणि अंगोरा यांची नायगोरा बघा, पण मग झुडपं, लोकर आणि दूध अशी तीन कामं एकाच जनावरावर लादताय हे ध्यानात ठेवा.

झुडपं एकदा खाऊन मरत नाहीत. मुळात साठा असतो, त्यावर ती पुन्हा फुटतात. नवी पानं पुरती उलगडली की कळप परत आणायचा, असं दोन-तीन हंगाम. मधल्या काळात जमिनीलगतचं गवत कुरतडू देऊ नका. जंतांच्या अळ्या तिथेच असतात. डोळ्याची खालची पापणी उघडून बघत जा, आतला भाग गुलाबीऐवजी पांढुरका दिसला तर रक्त पिणारे जंत झाले असण्याची शक्यता असते.

"शेळी काहीही खाते" हेही दिरांचंच वाक्य, आणि ते जिवावर बेतू शकतं. कण्हेर, ऱ्होडोडेंड्रॉन, चेरीची सुकत आलेली पानं विषारी आहेत. सोडण्याआधी रान पायी फिरून बघा. फळझाडं वाचवायची असतील तर बुंध्यांना जाळी लावा, साल सोलून काढतात.

राहिलेलं भराभर सांगते. एकटी शेळी ठेवू नका, निदान दोन हव्यात. कातरल्यावर पहिले काही आठवडे थंडी-पाऊस लागू देऊ नका, यात जनावरं दगावतात. खच्ची बोकडाला धान्याचा खुराक देऊन लाडावू नका, मूतखडा होतो. लघवीला कुंथताना दिसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. मेंढ्यांचं खनिज मिश्रण चालत नाही, त्यात तांबं घातलेलं नसतं आणि शेळीला ते लागतं. आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) आणि धनुर्वाताची लस टोचून घ्या. शिंगं असलेल्यांना चौकोनी तारेची जाळी घेत असाल तर भोकं डोकं मुळीच न जाण्याइतकी बारीक घ्या, नाहीतर दिवसातून दोनदा कुणाचं तरी मुंडकं सोडवत बसाल.